स्प्रेडशीटमधल्या बिंदूंपासून नावासह रेषा: माझा अनुभव

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीत रेषेचे नाव, बिंदूचा क्रम, रेखांश आणि अक्षांश असे चार स्तंभ होते. त्याची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश हे मी नेमके उलटे भरले, पण बिंदू भलतीकडेच पडल्यामुळे ती चूक लगेच कळली.

खरा वेळ खाल्ला तो पुढच्या चुकीने. बिंदू गटागटाने, दिलेल्या क्रमाने जोडून रेषा बनवणारे ‘पॉइंट्स टू पाथ’ हे साधन चालवल्यावर सरळ रेषेऐवजी कोळ्याचे जाळे उमटले, कारण क्रमाच्या स्तंभात एका ठिकाणी ‘12अ’ लिहिलेले असल्याने संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून वाचला गेला होता आणि बिंदू 1, 10, 11, 2 अशा क्रमाने जोडले जात होते. मूळ फाइलमध्येच निव्वळ पूर्णांकांचा नवा स्तंभ करून क्रमासाठी तो आणि गटासाठी रेषेचे नाव दिले, तेव्हा रेषा सुधारल्या. तरीही एक रेषा मध्येच तुटलेली दिसत होती. काही ओळींत नावाच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली होती, म्हणजे डोळ्यांना एक दिसणारे नाव संगणकाच्या लेखी दोन होते. जादा रिकाम्या जागा काढणाऱ्या ट्रिम सूत्राने तेही मिटले.

लेबलसाठी गटाच्या नावाचा स्तंभ निवडून मांडणी रेषेला समांतर ठेवली.