खडकाळ वाटांसाठी डिस्क गार्ड: निवड आणि निगा

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर मोटरसायकलच्या ब्रेक डिस्कला खरा धोका सुट्या दगडांचा असतो, कारण डिस्क किंचित वाकली तरी ती पॅडला (डिस्क दाबून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या भागाला) घासू लागते आणि ब्रेक दाबताना लिव्हरमध्ये थरथर जाणवते. म्हणून डिस्कवर गार्ड, म्हणजे संरक्षक कवच, बसवतात. पुढच्या चाकाला लवचीक प्लॅस्टिकचे गार्ड सहसा पुरते. मागची डिस्क मात्र खडकावर थेट आपटू शकते, म्हणून तिथे जाड ॲल्युमिनियमचेच गार्ड घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. डिस्क पूर्ण झाकणारे गार्ड दगड अडवते, पण कोकणातल्या चिकट लाल मातीत तेच चिखल धरून ठेवते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. त्यामुळे मोठी छिद्रे असलेले गार्ड निवडावे. बसवल्यावर चाक हाताने फिरवून, फोर्क (पुढचे चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन दांडे) दाबून आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवून ब्रेकची नळी कुठे अडकत नाही ना, हे पाहावे. बोल्टना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (बोल्ट थरथरीने सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे. फेरीनंतर डिस्क थंड झाली की गार्डमागचा चिखल सुकण्याआधी धुऊन काढावा आणि तडे तपासावेत. वाकलेले गार्ड डिस्कला टेकत असेल, तर ते सरळ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.