लॅपटॉपवरून गाणं ऐकवणार असाल तर आधी चार्जरचं बघा

गेल्या कोजागिरीला दहा-बारा जणांना घरी गाणं ऐकायला बोलावलं होतं. लॅपटॉप, त्याला यूएसबीने डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी), डॅकमधून ॲम्प्लिफायर आणि पुढे स्पीकर. दुपारी सगळं जोडून ऐकलं, स्वच्छ वाजलं. रात्री विलंबित ख्याल रंगात आला असताना बॅटरी संपत आली, म्हणून चार्जर लावला. त्याच क्षणी तानपुऱ्याखाली एक जाड घरघर सुरू झाली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. दुपारची चाचणी बॅटरीवर झाली होती, चार्जर लावून मी ऐकलंच नव्हतं. यंदा पुन्हा बैठक आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय.

तर पहिलं काम चार्जरचं. आदल्या रात्री लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि बैठक बॅटरीवरच होऊ द्या. बॅटरी तेवढी टिकत नसेल तर ते आजच कळायला हवं, म्हणजे वेगळी सोय करता येते. घरघर का येते ते समजून घ्या. चार्जरची तीन पिनची अर्थिंग आणि ॲम्प्लिफायरची अर्थिंग वेगवेगळ्या बोर्डांवरून गेली, की सिग्नलच्या केबलचं आवरण त्या दोघींना जोडतं आणि एक वेढा तयार होतो. त्यातून वाहणारा बारीकसा प्रवाह स्पीकरमधून ऐकू येतो. दोन पिनच्या चार्जरनेही सुटका होतेच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात, तीच गळती केबलमधून पुढे जाते.

आणि ही घरघर म्हणजे नुसता आवाज नाही, तो एक सूर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. ही हार्मोनियमच्या पट्ट्यांत जवळपास खर्जातली पांढरी पाच. गायक काळी एकमध्ये असेल तर हा सूर तीव्र मध्यमाशी येतो, तोही किंचित चढा. बागेश्रीत मध्यम शुद्ध, आणि ती चालू असताना खाली सतत तीव्र मध्यम! ज्याला सूर कळतो त्याला ते सहन होणार नाही, आणि आपण बोलावलेलं असतं त्यांनाच.

चार्जर लावावाच लागणार असेल तर लॅपटॉप, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. केबल टीव्हीची तार ॲम्प्लिफायरपर्यंत कुठूनही येत असेल तर ती काढा, तिची अर्थिंग निराळी असते. लॅपटॉपला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारं आउटपुट असेल तर प्रश्नच मिटला, काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज जात नाही. अर्थिंगची पिन मात्र कापू नका, टेपने झाकू नका, दोन पिनचा अडॅप्टर लावून टाळू नका. लोक सर्रास करतात. एखाद्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या पेटीत वीज उतरली तर तीच पिन जीव वाचवते.

डॅकपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल लाल-पांढरी, लालला लाल. फक्त ‘फोनो’ लिहिलेल्या जागी लावू नका. ती तबकड्या वाजवणाऱ्या रेकॉर्ड प्लेयरसाठी आहे, तिथे सिग्नल प्रचंड वाढवला जातो आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजेल.

लॅपटॉपचा आणि प्लेयरचा आवाज पूर्ण ठेवा, कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरून करा. सुरुवातीला ॲम्प्लिफायरची कळ शून्यावर.

सीडीवरून घेतलेल्या फाइल ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेल्या असतात, विंडोज बहुधा सगळं ४८ वर नेऊन वाजवतं. फूबार या विंडोजवरच्या प्लेयरमध्ये आउटपुटच्या यादीत डॅकच्या नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ असलेला पर्याय निवडा. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप उघडून आकडा स्वतः बदला. फरक मोठा नाही, पण एक्सक्लुझिव्हमुळे मेलची टिंगटिंग मध्ये येत नाही, त्यासाठी तरी कराच. बड्या ख्यालातून छोट्यात जाताना सीडीवर ट्रॅक बदलतो. एमपीथ्री असेल तर तिथे खाच पडू शकते, म्हणून फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) घ्या.

आता चाचणी. गाणं न लावता, सगळं जोडून, रात्री ठेवणार तेवढ्याच आवाजावर कळ ठेवा आणि स्पीकरला कान लावा. मग चार्जर लावून पुन्हा ऐका. मग काढून पुन्हा. हे दुपारी नाही, रात्रीच्याच बोर्डांवर, रात्रीचे दिवे लावून करा.

बाकी किरकोळ. स्लीप बंद, झाकण मिटल्यावरही. अपडेट थांबवा. वायफाय नको असेल तर बंद. फाइल लॅपटॉपमध्येच उतरवून घ्या. यादी क्रमाने लावा. चटया.

पाहुणे यायच्या आधी बॅटरीचा आकडा एकदा बघा, आणि चार्जर आतल्या खोलीत ठेवा.