शालिमारचा फॉर्म्युला बदलला, की बाटलीच जुनी झाली? चार कुप्यांत करून पाहायची चाचणी

गेर्लां या फ्रेंच कंपनीचं शालिमार हे अत्तर १९२५ पासून विकलं जातंय. व्हॅनिलाच्या अत्तरांचा विषय निघाला की ‘पूर्वीचं राहिलं नाही’ हे वाक्य त्याच्याबद्दल हमखास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. फॉर्म्युला बदललाय, आणि बहुतेक बदलांमागे ठोस कारणं आहेत. पण पन्नास वर्षं जुनी बाटली आणि आजची बाटली शेजारी ठेवून हुंगली, तर जाणवणाऱ्या फरकातला मोठा भाग फॉर्म्युल्याचा नसतो, वयाचा असतो. हे दोन फरक वेगळे ओळखता आले तरच तुलनेला अर्थ आहे. नुसतं वाचून ते नाकात बसत नाहीत, म्हणून खाली चार कुप्या तयार करायची कृती दिली आहे. हा कंपनीचा फॉर्म्युला नाही. तो गुप्त असतो. त्या घराण्यातल्या वासाचा सांगाडा मात्र यातून नीट उभा राहतो.

नेमकं काय बदललं

मूळ गेर्लांच्याच १८८९ च्या ‘जिकी’त आहे: लॅव्हेंडर, लिंबूवर्गीय तेलं, कूमारिन (वाळक्या गवतासारखा गोड वास) आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या शेंगेतलं मुख्य गंधद्रव्य). व्हॅनिलिन कारखान्यात तयार करायची वाट टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये शोधली होती. शालिमारमध्ये ज्याक गेर्लांने त्यात इथाइल व्हॅनिलिन आणलं. ते जगातल्या कुठल्याही शेंगेत मिळत नाही, पूर्णपणे रसायनशाळेतलं आहे आणि व्हॅनिलिनपेक्षा सुमारे तिप्पट तीव्र आहे. जिकीत बारीक रेघेसारखा असलेला गोडवा शालिमारमध्ये जाड, मलईदार झाला तो यामुळे. म्हणजे सगळ्यात मोठा ‘बदल’ १९२५ मध्येच झाला.

पुढचे बदल मुख्यतः काढून टाकण्याचे आहेत.

बर्गमॉट: हे एक लिंबूवर्गीय फळ. शालिमारमध्ये त्याच्या तेलाचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास असल्याचं अत्तरविश्वात सांगितलं जातं. सालीतून दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर डाग पडतात, कधी फोड येतात. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमानुसार त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात असं तेल ०.४ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. आता हिशोब करा. १५ टक्के तीव्रतेच्या अत्तरात अर्काचा ३० टक्के भाग बर्गमॉट असेल तर तयार अत्तरात ते ४.५ टक्के होतं, म्हणजे मर्यादेच्या अकरा पटींहून जास्त. त्यामुळे बर्गाप्टेन काढलेलंच तेल वापरावं लागतं. ते थोडं सपाट वाटतं, सालीचा हिरवा कडवटपणा त्यात कमी असतो.

बर्चचं डांबर: चामड्याचा, धुराचा वास यातून येतो. कच्च्या डांबरात कर्करोगाशी संबंध असलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं असतात, म्हणून आज फक्त शुद्ध केलेलं चालतं. त्याचा धूर पातळ असतो.

सिव्हेट: जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्राव. त्यासाठी प्राण्याला पिंजऱ्यात ठेवून त्रास द्यावा लागतो. त्याची जागा रसायनांनी घेतली ते योग्यच झालं. नायट्रो मस्क, म्हणजे एका प्रकारची कृत्रिम कस्तुरी, त्या काळच्या अत्तरांत सर्रास असत. त्यांपैकी मस्क अँब्रेटवर बंदी आली, कारण त्वचेला उन्हात अ‍ॅलर्जी आणि मज्जासंस्थेला धोका. त्याचा पावडरीसारखा मऊपणा आजच्या मस्कमध्ये हुबेहूब येत नाही. घरी त्याची तुलना करायचा प्रयत्न करू नका.

साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवाच. थेंब मोजून हे जमत नाही, कारण दाट बेंझोइनचा थेंब आणि पातळ लिंबाचा थेंब यांचं वजन एक नसतं. काचेचं बीकर, काचेची कांडी, काचेच्या कुप्या आणि सुगंधपट्ट्या (वास घ्यायच्या कागदी पट्ट्या) घ्या. लोखंडी चमचा लावू नका, व्हॅनिलिन लोहाशी रंग धरतं.

चारही कुप्यांना समान असलेलं मिश्रण (एकूण १७.२० ग्रॅम):

बर्गमॉट, बर्गाप्टेनमुक्त – ६.०० ग्रॅम
लिंबाचं तेल, वाफेवर काढलेलं – ०.६०
लॅव्हेंडर – ०.६०
हेडिऑन – २.००
फिनाइल इथाइल अल्कोहोल – १.००
मिथाइल आयोनोन – १.२०
बेंझाइल अ‍ॅसिटेट – ०.४०
जेरॅनिऑल – ०.२०
कूमारिन – १.००
बेंझोइन, डीपीजीमध्ये (डायप्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकात) ५० टक्के – १.६०
ओपोपॉनॅक्स – ०.४०
पॅचुली – ०.४०
वाळ्याचं तेल – ०.४०
चंदनाचं तेल – ०.४०
इथिलीन ब्रासिलेट – १.००

बेंझोइन म्हणजे आपल्या घरात शेगडीवर जळतो तो ऊद. अत्तराच्या दुकानात ‘ऊद’ मागितलात तर अगरूचं तेल पुढे येईल, तेव्हा बेंझोइन असंच म्हणा.

याशिवाय व्हॅनिलिन, इथाइल व्हॅनिलिन, शुद्ध केलेलं बर्चचं डांबर (डीपीजीमध्ये १० टक्के), जनावरी वासासाठी इंडोल (डीपीजीमध्ये १० टक्के) आणि थोडं कोरं डीपीजी.

अल्कोहोल एकूण ११३.२ ग्रॅम लागेल आणि ते परफ्यूमरी दर्जाचंच हवं. रंगकामाचं स्पिरिट अजिबात नको, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वतःचा वास वरच्या सुरांवर बसतो. योग्य अल्कोहोल मिळालं नाही तर अर्क तसाच सुगंधपट्टीवर हुंगा. चाचणीला तेवढं पुरतं, पण तो अर्क त्वचेवर लावू नका.

कृती

क्रम महत्त्वाचा आहे. बर्गमॉट आणि लिंबाच्या तेलात टर्पीन नावाची हलकी, तेलकट द्रव्यं भरपूर असतात, त्यांत कूमारिन आणि व्हॅनिलिन नीट विरघळत नाहीत. म्हणून आधी फिनाइल इथाइल अल्कोहोल, हेडिऑन आणि बेंझोइन बीकरमध्ये घ्या, त्यात कूमारिन टाका आणि बीकर ४०–४५ अंशांच्या कोमट पाण्यात धरून ढवळा. एकही खडा दिसेनासा झाला की बाकीची जड द्रव्यं घाला: ओपोपॉनॅक्स, पॅचुली, वाळा, चंदन, ब्रासिलेट. मग फुलांची: मिथाइल आयोनोन, बेंझाइल अ‍ॅसिटेट, जेरॅनिऑल. पाण्यातून बाहेर काढून गार होऊ द्या आणि लॅव्हेंडर, लिंबू, बर्गमॉट शेवटी. गरम असताना घातलीत तर वरचा सूर तिथेच उडून जातो.

आता चार कुप्यांत आधी पुढची द्रव्यं मोजून घ्या:

पहिली – व्हॅनिलिन ०.५०, डांबर ०.१०, इंडोल ०.१०
दुसरी – व्हॅनिलिन ०.३०, इथाइल व्हॅनिलिन ०.२०, डांबर ०.१०, इंडोल ०.१०
तिसरी – व्हॅनिलिन ०.३०, इथाइल व्हॅनिलिन ०.२०, कोरं डीपीजी ०.२०
चौथी – हुबेहूब दुसरीसारखी

प्रत्येक कुपीत २८.३ ग्रॅम अल्कोहोल ओता, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलवा आणि मग ४.३० ग्रॅम समान मिश्रण घाला. अर्क ५ ग्रॅम, एकूण ३३.३ ग्रॅम, म्हणजे १५ टक्के. अल्कोहोलशिवाय करत असाल तर समान मिश्रण पावडरवर ओतून पुन्हा कोमट पाण्यात धरा. दुसऱ्या दिवशी तळाशी सुया दिसल्या तर व्हॅनिलिन परत बाहेर आलंय. अर्धा ग्रॅम डीपीजी वाढवा, आणि तो चारही कुप्यांत सारखाच वाढवा.

पहिल्या तीन कुप्या गच्च बंद करून चार आठवडे कपाटात, अंधारात ठेवा. चौथी मुद्दाम बिघडवायची आहे: १०० मिलिलिटरच्या पारदर्शक बाटलीत ओता, म्हणजे वर हवा राहील. बाटली उजेडाच्या खिडकीत दोन महिने ठेवा आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडा. अल्कोहोल आहे, तेव्हा ती गॅस, समई, निरांजन यांच्या आसपास नको.

हुंगायचं कसं

चार पट्ट्यांवर क्रमांक लिहा, सारखंच बुडवा आणि तीन वेळा हुंगा: लगेच, अर्ध्या तासाने, सहा तासांनी. मधल्या वेळी स्वयंपाकघरात फोडणी चाललेली नसावी.

पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक अर्ध्या तासाने उघडा पडतो. पहिलीत लॅव्हेंडर आणि वाळा पुढे असतात, व्हॅनिला मागे. दुसरीत व्हॅनिला सगळ्यांना कवेत घेतं. वजन तेच, ०.५० ग्रॅम. १९२५ ची झेप ती हीच.

दुसरी आणि तिसरी सहा तासांनी शेजारी धरून हुंगा. तिसरी स्वच्छ, गोड आणि जरा मिठाईकडे झुकलेली वाटेल. फक्त २० मिलिग्रॅम डांबर आणि इंडोल काढलं, तरी गोडव्याला टेकू देणारं काहीतरी गेल्यासारखं होतं. आजच्या व्हॅनिला अत्तरांबद्दलची खरी तक्रार इथे आहे, आणि ती रास्त आहे.

चौथीचा रंग दुसरीपेक्षा गडद झालेला असेल. व्हॅनिलिन उजेडाने तपकिरी होतं आणि इंडोल सोबत असलं की आणखी लालसर. पहिली पाच-दहा मिनिटं बर्गमॉटच्या जागी आंबट, नेलपॉलिशसारखा किंवा जुन्या वार्निशसारखा वास येईल, कारण टर्पीनचं ऑक्सिडीकरण झालंय. अर्ध्या तासानंतर मात्र ती दुसरीच्या जवळ येऊ लागते.

खरी जुनी बाटली हातात आली की हाच नियम लावा. सुरुवात बिघडलेली आणि तळ शाबूत, तर तो वयाचा परिणाम. सुरुवात ठीक पण सहाव्या तासाला धूर आणि जनावरी ऊब कमी, तर फॉर्म्युला बदललेला. एक्स्ट्रे, ओ द पर्फ्यूम, ओ द तॉयलेत हे एकाच अत्तराचे कमी-जास्त तीव्रतेचे प्रकार. तुलना नेहमी एकाच प्रकारात करा: एक्स्ट्रेची एक्स्ट्रेशी, ओ द तॉयलेतची ओ द तॉयलेतशी. या प्रकारांत फक्त अल्कोहोल कमी-जास्त नसतं, द्रव्यांचं प्रमाणही वेगळं असतं. जुना एक्स्ट्रे आणि नवं ओ द पर्फ्यूम शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष फुकट जातात.

बाटलीचं वय खोक्यावरून काढता येतं. लिमोनीन, लिनालूल, कूमारिन अशी घटकांची लांब यादी छापलेली असेल तर खोकं साधारण २००५ नंतरचं, कारण तेव्हापासून युरोपात २६ अ‍ॅलर्जीकारक द्रव्यांची नावं छापणं सक्तीचं झालं. कोणत्याही अत्तराच्या यादीत ‘ब्युटाइलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ दिसलं तर ते मार्च २०२२ च्या युरोपीय बंदीआधीचं. द्रवाच्या रंगावरून वय ठरवू नका. दोन महिन्यांत किती गडद होतं, ते चौथ्या कुपीत दिसलंच.

लावून पाहायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून २४ तास थांबा. पांढऱ्या सदऱ्यावर किंवा साडीवर उडवू नका, व्हॅनिलिनचा पिवळा डाग उशिरा दिसतो आणि सहसा निघत नाही. पावसाळ्यात व्हॅनिलिनची बरणी उघडी राहिली तर गठ्ठे होतात. सिलिका जेलची पुडी घालून गच्च झाकण लावा. कपाटातल्या तीन कुप्यांवर तारीख लिहून ठेवा, वर्षाने पुन्हा हुंगायला लागतील.