पऱ्हाटी, भेंडी आणि जास्वंद: वनस्पतींची नाती वावरातच कशी ओळखायची

'पुंकेसर (फुलातले परागकण देणारे नर धागे) जुळून नळी तयार होते.' कापसाच्या कुळाचं हे लक्षण बारावीत मी घोकून पाठ केलं, पेपरात लिहिलं, गुणही मिळाले. त्याच वर्षी वणीकडच्या आमच्या वावरात दिवाळीपासून वेचणीला जात होते, पण ती नळी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. म्हणून आता गावातली पोरं माझ्याकडे शिकायला बसली की आधी फूल, पुस्तक नंतर.

सुरुवात ऑगस्टच्या शेवटी करा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फुलावर असते, धुऱ्याकाठी भेंडी, अंगणात जास्वंद. मात्र नुकती फवारणी झालेल्या वावरात पोरांना नेऊच नका. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. घरच्या परसातली, औषध न मारलेली दोन झाडं पुरतात.

सकाळी तिन्हींचं एकेक फूल आणा. पऱ्हाटीचं फिकट पिवळसर फूल घ्या. गुलाबी झालेलं कालचं असतं. एका बाजूच्या पाकळ्या अलगद काढा. मधोमध एक दांडी दिसेल आणि तिच्या अंगावर पिवळे परागकोष. ती दांडी भरीव नाही, तीच पुंकेसरांची नळी. सुईनं उभी चिरा, आत दुसरा बारीक धागा निघेल. तो कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाचा देठ, थेट खाली अंडाशयापर्यंत जातो. पऱ्हाटीत याच अंडाशयाचं पुढे बोंड होतं. जास्वंदीत ही नळी बोटभर बाहेर येते, भेंडीत पाकळ्यांच्या आतच राहते. लांबी वेगळी, घडण एकच.

आता फूल उलटं धरा. पऱ्हाटीच्या फुलाला तीन रुंद, दातेरी पानं वेढून असतात. भेंडीला त्याच जागी आठ-दहा बारीक पट्ट्या. इथे पोरांना वेळ द्या, सांगून टाकू नका. कुणीतरी म्हणतंच, "ताई, जागा तीच आहे!" उत्क्रांती म्हणजे काय, ते इथून समजावणं सोपं जातं. या तिघींचा फार जुना पूर्वज एक होता. वंश वेगळे होत गेले, पानं बदलली, फळं बदलली, नळी मात्र सगळ्यांकडे राहिली. तुडतुडेही हे नातं जाणतात: पऱ्हाटीवरचे भेंडीवरही येतात.

मोठ्या पोरांना आणखी एक सांगते. देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकन कापसात 52. अमेरिकन कापसाच्या पूर्वजांत दोन वेगळ्या जातींचा संकर झाला आणि दोघींचे गुणसूत्रांचे संच एकत्र राहिले. हे कुणा माणसानं केलेलं नाही, शेती सुरू होण्याच्या लाखो वर्षं आधी निसर्गातच घडलेलं आहे.

तूर फुलली की तिचं फूल वहीत दाबून ठेवा. फाल्गुनात पळस फुलला की शेजारी मांडा. दोन्हींत मागे एक मोठी पाकळी, दोन बाजूला, खाली दोन जुळून होडी. घराणं एक, पाहुणे वेगळे: तुरीकडे मधमाश्या येतात, पळसाकडे शिंजीर आणि मैनासुद्धा.

याच घराण्यातलं सोयाबीन फुलोऱ्यात असताना एक झाड खुरपीनं मातीसकट काढा. ओढू नका, मुळांवरच्या गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत धुवा, एक गाठ ब्लेडनं कापा. आत गुलाबी-लाल दिसलं तर तिथले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देत आहेत. झाड त्यांना साखर पुरवतं. हिरवट किंवा करडी गाठ काम करत नाही. शेजारी ज्वारीचं मूळ धुऊन ठेवा, गाठी नसलेलं. पेरापालट आजोबा का करायचे, ते पोरं स्वतःच बोलून दाखवतात.

शेवटी कोळशाचा एक तुकडा हातात देते. आमच्या वणी-चंद्रपूरकडचा दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा आहे. जिभेच्या आकाराच्या पानांचं ग्लॉसोप्टेरिस तिथलं मुख्य झाड. त्याला बी होतं, फूल नव्हतं. फुलांचे खात्रीचे जुने जीवाश्म साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वीचे. तुकडा फिरवत फिरवत मागच्या बाकावरची एक मुलगी मला म्हणाली, "म्हणजे त्या अख्ख्या जंगलात एकही फूल नव्हतं?" नव्हतं. मग तिनं पऱ्हाटीचं फूल कोळशाशेजारी ठेवून वहीत दोन्हींचं चित्र काढलं.