जंतूचा कोड जोडायचा की नाही? आधी मुख्य कोडचं नाव वाचा

अमेरिकी चार्ट (रुग्णाच्या नोंदी) आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे आजारांना कोड देण्याच्या अमेरिकी पद्धतीत, कोड करताना जंतूचा कोड एकतर सुटतो, नाहीतर उगाच दोनदा लागतो. मुख्य कोड, म्हणजे आजाराचा कोड, सापडला की त्याचं नाव पूर्ण वाचा.

१. नावात जंतू नसेल, तर बी९५-बी९६ मधला कोड पुढे जोडा. ई. कोलायमुळे झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग: आधी एन३९.०, मग बी९६.२०. क्रम उलटा नको. बी९६ पहिला येतच नाही.

२. नावातच जंतू असेल तर तिथेच थांबा. क्लेबसिएला जंतूमुळे झालेल्या न्यूमोनियाला एकटा जे१५.० पुरतो.

३. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूला झेड१६ची जोड, उदा. ईएसबीएलला (अनेक अँटिबायोटिक निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) झेड१६.१२. एमआरएसएच्या (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतू) बी९५.६२ मध्ये मात्र प्रतिरोध आधीच धरलाय, तिथे झेड१६ लावू नका. ही चूक फार दिसते.

कल्चर रिपोर्टमध्ये (नमुन्यात कोणता जंतू वाढला ते सांगणारा लॅबचा अहवाल) 'ई. कोलाय, १ लाखाहून अधिक कॉलनी' दिसलं म्हणून लगेच कोड टाकू नका. जंतूमुळेच संसर्ग झाला हे डॉक्टरांच्या नोंदीत हवं. नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा, पाठवा. नुसतं 'युरोसेप्सिस' लिहिलं असेल तरी क्वेरीच, कारण त्या शब्दाला कोडच नाही.