एनएफएल प्लेऑफची लाइन कशी वाचायची
जानेवारीत लातूर-नांदेडकडे रात्र जागून एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, बाद फेरीचे सामने (प्लेऑफ) बघणाऱ्यांनी आधी एक पक्कं करावं: पैसे लावायचे नाहीत. 1887 चा जुगारबंदी कायदा आहेच, 2025 च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केलेत. डाव वहीत मांडा, नुसत्या गुणांवर.

लाइन म्हणजे वरचढ मानलेला संघ किती गुणांनी जिंकेल याचा आधीच ठरवलेला आकडा. एखाद्या संघाची लाइन ‘उणे 3’ असेल तर तो संघ किमान 4 गुणांनी जिंकला तरच त्याच्या बाजूचा अंदाज बरोबर. नेमका 3 नं जिंकला तर बरोबरी, वहीत कुणालाच गुण नाही. 3 आणि 7 हे आकडे जपायचे: फील्ड गोलचे (चेंडू लाथेनं खांबांमधून मारणं) 3, टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) आणि त्यानंतरच्या किकचे मिळून 7, म्हणून बरेच सामने याच फरकानं संपतात. उणे अडीच आणि उणे साडेतीन यांत त्यामुळेच जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

बहुतेकांचं चुकतं ते घाईनं. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याआधी 90 मिनिटं येते. क्वार्टरबॅकच, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडूच, बाहेर असेल तर आधीचा हिशेब फुकट. न्यूयॉर्कच्या वेळेनं दुपारी 1 चा सामना आपल्याकडे रात्री 11:30 ला, म्हणून 10 ला यादी बघा, मगच वहीत लिहा आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाका. त्यानंतर खाडाखोड चालणार नाही.