गोव्यात चूल मांडणाऱ्यांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडून किंवा पुण्या-मुंबईहून येऊन डिचोली, पेडणे, फोंडा, सत्तरीच्या गावांत जुनं घर घेणाऱ्यांना बहुतेक वेळा घराबरोबर एक चूलही मिळते. मागच्या बाजूला न्हाणी, न्हाणीत चिऱ्यांची चूल, तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण आणि वर धुराने काळे झालेले वासे. ते पाहून पहिला बेत ठरतो तो कमी धुराची, स्टीलची नवी चूल आणायचा. बेत चांगलाच आहे. पण देशावर वर्षानुवर्षं टिकणारी चूल इथे लवकर जाते. जाळ तिला खात नाही, खारी दमट हवा खाते. म्हणून पत्रकावर किती टक्के कार्यक्षमता छापली आहे त्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: पत्रा कसला आहे, राख कुठून काढायची आणि जिच्यावर लाकूड जळतं ती आतली जाळी सुटी मिळते का.

बाजारातल्या चुली मुख्यतः दोन जातीच्या. एक साध्या ओढीची, जिला लोक रॉकेट चूल म्हणतात. खालच्या तोंडातून लाकूड सरकवायचं, आत उभी नळी, नळीभोवती उष्णता अडवणारा थर. नळी तापली की हवा आपोआप वर खेचली जाते आणि धूर बाहेर पडण्याआधी नळीतच जळतो. ही रचना अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडली. दुसरी पंख्याची. तिच्यात छोटा पंखा खालून आणि वरच्या भोकांतून हवा फुंकतो आणि नीट चालली तर धूर जवळजवळ दिसत नाही. यांशिवाय धुराड्याची बांधीव चूल आहेच. १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला, तेव्हापासून ती गावोगाव माहीत आहे.

घेताना भारतीय मानक आयएस १३१५२ (भाग १) : २०१३ चा उल्लेख आहे का ते पाहा. या मानकाप्रमाणे साध्या ओढीच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम १० टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते. हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे लाकूड कोरडं असतं आणि चुलीशेजारी एक माणूस तेवढ्याचसाठी बसलेला असतो. घरातला आकडा घरीच काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. झाकणाच्या पातेल्यात मोजून पाच लिटर पाणी घ्या. लाकूड वजनकाट्यावर तोला, पाणी खळखळून उकळेपर्यंत जाळा आणि उरलेलं लाकूड पुन्हा तोला. कोरड्या लाकडाच्या किलोत साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते. पाच लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला दीड मेगाज्यूल लागते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास लाकूड जळालं तर चूल २५ टक्क्यांची, ३०० ग्रॅममध्ये भागलं तर उत्तम. किलोभर जळालं, तर तीन दगड काय वाईट होते? मात्र दोष चुलीवर टाकण्याआधी लाकडाची ओल तपासा. दहापैकी आठ वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

पंख्याच्या चुलीबद्दल स्पष्टच लिहितो. घरात कोणाला स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची आवड नसेल, तर ती घेऊ नका. जळण्याच्या बाबतीत ती सरस आहे, पण बिघडणारे सगळे भाग तिच्यातच आहेत. सर्वांत आधी बॅटरी जाते. शिशाची बॅटरी पावसाळाभर न चार्ज करता ठेवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि मग ती पुरती भरतच नाही. चूल वापरात नसली तरी महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. पुढची खोड पंख्याची. जेवण झालं की लोक बटण बंद करतात, पण आत निखारे लाल असतात. फिरणारा पंखा जाळाला हवा देतोच, शिवाय स्वतःलाही गार ठेवतो. तो थांबला की निखाऱ्यांची धग खाली उतरते, प्लास्टिकची पाती वाकतात आणि वायरीचं वेष्टण कडक होऊन तडकतं. निखारे विझेपर्यंत पंखा कमी वेगावर चालू ठेवायचा किंवा निखारे चिमट्याने काढून झाकणाच्या डब्यात टाकायचे. पंखा घरघरू लागला तर मऊ ब्रशने राख झाडून आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. बदलायची वेळ आली तर जुन्यावरचा व्होल्टचा आकडा आणि चौकटीचं माप लिहून न्या. त्या मापाचा साधा डीसी पंखा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बहुधा मिळतो.

पंख्याच्या काही चुली लाकडाच्या दाबीव गोळ्यांवरच चालतात. गोळ्या जवळपास बारमाही मिळतील याची खात्री नसेल तर तो लोखंडी डबा पुढे तांदूळ ठेवायला वापरावा लागेल. वरून पेटवायच्या गॅसिफायर चुलीत दोन ते पाच सेंटीमीटरचे तुकडे भरतात. वरच्या भोकांच्या ओळीपर्यंत मात्र भरायचे नाहीत, दोन बोटं खालीच थांबायचं. भोकं झाकली गेली की वरची हवा अडते आणि खोली धुराने भरते. या चुलीत मध्येच लाकूड घालता येत नाही. एक भरण संपत आलं की ज्योत एकदम बसते, थोडा धूर येतो आणि खाली कोळसा उरतो. फोडणीचं काम त्याआधी उरकून घ्या.

साध्या ओढीच्या चुलीत झिजणारी वस्तू एकच, ती जाळी. घरी रोजच्या वापरात ती वाकते, खपल्या पडतात, शेवटी मधून तुटते. सुटी मिळत नसेल तर जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून सहा ते आठ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळ्यांची करून घ्या. सळ्यांमध्ये साधारण एक सेंटीमीटर फट ठेवा. फट कमी ठेवली तर राख अडकून ओढ मरते, जास्त ठेवली तर निखारे खाली पडून जळण वाया जातं. चुलीच्या आतल्या नळीला चिनीमातीचा थर असेल तर तिचा शत्रू म्हणजे उतू जाणारी पेज. उकड्या तांदळाची पेज इथे रोज शिजते आणि लक्ष चुकलं की फेस थेट तापलेल्या नळीत जातो. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की तडा ठरलेला. पातेलं दोन-तृतीयांशच भरा आणि फेस येताना झाकण तिरकं करा.

आता गंज. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे राख तशीच ठेवून चूल कोपऱ्यात सरकवली, तर जून ते सप्टेंबर ती आतून ओल्या क्षारात बसलेली असते. रोज सकाळी राख काढायची, चूल महिनाभर लागणार नसेल तर ब्रशने घासून, एकदा कोरडा जाळ करून, पूर्ण गार झाल्यावर लोखंडी भागांवर तेलाचा हात फिरवायचा. किनाऱ्यालगत राहत असाल तर साध्या पत्र्याची चूल घेऊच नका, आतली नळी तरी स्टेनलेसची हवी. नवीन येणाऱ्यांची आणखी एक हौस असते: स्टीलच्या चुलीभोवती चिरे रचून वरून माती लिंपायची, म्हणजे ती जुन्या घरात शोभते! त्या लिंपणाने बाजूची हवेची भोकं बुजतात, जाळाची उष्णता चिरे तापवण्यात जाते आणि मातीतली ओल पत्र्याला बाराही महिने चिकटून राहते. शोभेसाठी चिरे हवेच असतील तर चुलीपासून वीतभर लांब ठेवा, लिंपू नका.

स्वयंपाकातही थोडी सवय बदलावी लागते. रॉकेट चुलीचा जाळ भांड्याच्या बुडाला मधोमध लागतो. हुमण, म्हणजे माशांची आमटी, ज्या मातीच्या कुंडल्यात करतात ते अशा जाळावर सरळ ठेवलं तर तडकतं. खाली लोखंडी तवा ठेवा, मग वर कुंडलं. भाकरीला जाड तवा लागतो. पातळ तव्यावर मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय या चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून भाकरी फुगवता येत नाही, नारळ किंवा बांगडा भाजता येत नाही. मोठ्या पातेल्याचं तर विचारूच नका. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरलं की दहा-बारा लिटरचं भांडं लहान चुलीच्या तीन टेकूंवर डगमगतं. त्यासाठी जुनी चिऱ्यांची चूल पाडू नका. रोजचा चहा, पेज, डाळ नव्या चुलीवर, भाण आणि चवथ जुन्या चुलीवर, हीच इथली व्यवहारी वाटणी.

सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते जळणाला. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. उन्हात चांगलं वाळलेलं लाकूडसुद्धा पावसाळ्याच्या ८५-९० टक्के आर्द्रतेत छपराखाली असतानाच हवेतली ओल शोषून १८-२० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे मे महिन्यात ते अर्धवट वाळलेलं असेल तर जुलैत पेटणारच नाही. लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडा. नव्या चुलींना मनगटाएवढं जाड लाकूड चालत नाही, अंगठ्याएवढ्या, दोन-तीन सेंटीमीटरच्या काड्या लागतात, आणि फोडलेलं लाकूड वाळतंही लवकर. जमिनीपासून वीतभर वर रचा, बाजूने वारा खेळू द्या, फक्त वरून झाका. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी येते. वाळलं की नाही ते पाहायला एक तुकडा दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर सुक्याचा आवाज टणक येतो, ओल्याचा दबका. मेअखेर इथे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी चालते. जळण त्याच्याही आधी भरलेलं असावं.

सुरूचं आणि आकेशियाचं लाकूड चांगलं जळतं. काजूच्या फांद्याही पूर्ण वाळल्यावर चालतात. पण काजूबियांची टरफलं स्वयंपाकाच्या चुलीत अजिबात नकोत. त्यांच्यातल्या तेलाने कातडीवर फोड येतात आणि धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. बिब्बा आणि कण्हेर यांचंही लाकूड जाळू नये. नारळाची कट्टी, म्हणजे करवंटी, हे इथलं उत्तम जळण. मात्र तिचा जाळ फार कडक, रॉकेट चुलीत एका वेळी दोन-तीन तुकड्यांपेक्षा जास्त घातले तर जाळी लाल होऊन वाकते. सोडण, म्हणजे नारळाचं वरचं साल, पेटवायला छान, रोज जाळायला नाही, कारण तिच्या राखेत क्षार जास्त आणि ती जाळीला चिकटून खडे धरते. चुडतं, म्हणजे माडाच्या वाळलेल्या झावळ्या, भाणाखाली जाळा. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड, जुन्या होडीच्या फळ्या, रंगवलेली चौकट, प्लायवूड यांपैकी काहीच चुलीत घालू नका. खाऱ्या लाकडाने स्टील गंजतं आणि रंगाचा धूर विषारी असतो.

आपल्या आवारातलं झाड आपलंच, असं समजू नका. गोव्यात १९८४चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव अशा अभयारण्यांतून पडलेलं लाकूडही उचलून आणता येत नाही. घरालगत माडाची बाग असेल तर बागवाल्याशी बोलून ठेवा, तिथे कट्टी, सोडणं, चुडतं बारमाही पडतात.

धुराडं करायचं असेल तर चार इंची नळी, कौलांच्या आढ्यापेक्षा किमान दोन फूट वर. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा वरच्या टोपीचं तोंड त्या बाजूला उघडं नको, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. लाकडी वाशापासून नळी दीड फूट लांब ठेवा आणि कौलातून जाते तिथे पत्र्याची झालर बसवा. ओल्या लाकडाने नळीत डांबरासारखा थर धरतो आणि तोच एखाद्या दिवशी पेट घेतो, म्हणून वापर असेल तर महिन्याला काथ्याचा ब्रश फिरवा. बंद पडलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीची घरं करते, खारही कधी काड्या भरते. पावसाळ्यानंतर पहिला जाळ करण्याआधी आत बॅटरीचा उजेड टाका.

चूल धूर करत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, असं नव्हे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. जुलैत कपडे वाळत नाहीत म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. फ्लॅटमध्ये लाकडाची चूल नकोच.

पहिल्या पावसाळ्यासाठी किती लाकूड लागेल ते आधीच्याच हिशेबाने काढता येतं. वीस लिटरची बादली २८ अंशांवरून ४६ पर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढीच पाच लिटर पाणी उकळायला लागते, म्हणजे चांगल्या चुलीवर ४०० ग्रॅम लाकूड. चौघांच्या आंघोळीला दिवसाला १.६ किलो, पेज-डाळीला आणखी किलोभर. चार महिन्यांचे सव्वातीनशे किलो झाले. भाण जुन्या चुलीवर तापवणार असाल तर आंघोळीचा भाग दुप्पट धरा, म्हणजे पाचशेच्या पुढे जाईल. लाकूड टेम्पोच्या हिशेबाने विकत घेताना वजन विचारा आणि दोन-चार ओंडके तोडून आतला रंग पाहा. बाहेरून सुकं आणि आतून ओलं लाकूड वजनात महाग पडतं.